पहिल्या खेपेचा होकार

आमच्या खर्डीकडच्या माणसांच्या ‘नको’चा मला मनापासून राग आहे. भर उन्हात दोन कोस चालून आलेल्या माणसाला विचारा, पाणी देऊ? तो म्हणणार, नको. चहा टाकू? नको नको, आत्ताच झाला. कुठे झाला? वाटेत रानात कुणी मांडव घालून बसलं होतं का? पण नाही, तीनदा विचारावंच लागतं. तिसऱ्या वेळी तो मान वाकडी करून म्हणतो, “बरं, घोटभर दे.” आणि मग दोन कप पितो. पहिल्याच खेपेला हो म्हणणारा आमच्यात हावरट ठरतो, आणि ती बाई असेल तर तिच्या आईचाही उद्धार होतो. ताकाला जाऊन भांडं लपवायचं ही म्हण ज्याने केली, तो नक्की आमच्याकडे चार दिवस पाहुणा राहून गेला असणार.

हे सगळं आठवायचं कारण राहीबाई. माझा जन्म तिच्या हातचा, सन त्रेचाळीसचा. माझे वडील काळूराम खर्डीच्या दवाखान्यात कंपाउंडर होते, त्यामुळे तिची गोष्ट मी अर्धी त्यांच्याकडून ऐकली आणि अर्धी तिच्याकडून. दोघांच्या सांगण्यात फरक पडला की मी राहीबाईचं खरं धरते. वडिलांना प्रत्येक गोष्टीत स्वतःला शहाणं ठरवायची खोड होती.

राही खर्डीपासून तासाभराच्या पायवाटेवर असलेल्या पाड्यातली. चढावर नाचणी-वरई, खाली दोन खाचरं भात, एवढं घरचं. नवरा विठू रेल्वेच्या गँगमध्ये, कसारा घाटात रूळ ठोकायचा. माणूस गरीब, बोलणं बेताचं. बोलायचं काम घरात त्याची आई सकुबाई करायची, आणि ते ती दोघांच्या वाटचं करायची.

राहीचं लग्न व्हायच्या आदल्या वर्षी तिची थोरली बहीण कमळ पहिल्या बाळंतपणात अडली. दोन दिवस पाड्यावरच्या म्हातारीने देवावर हवाला ठेवून वाट पाहिली. तिसऱ्या दिवशी शहापूरला न्यायला बैलगाडी जुंपली. बहिणीचं डोकं मांडीवर घेऊन राही गाडीत बसली होती. गाडी आटगावला पोचायच्या आतच सगळं संपलं. तेव्हापासून राहीच्या मनाने एकच धरलं होतं, बाळंतपण कसं करतात ते कुणाकडून तरी नीट शिकायचं. हे ती कुणाला बोलली नाही. बोलायची आमच्यात पद्धतच नाही.

सन छत्तीसच्या सुमारास खर्डीला जर्मन डॉक्टरीणबाई आल्या. मुंबईच्या एका शेठजींनी तिथे धर्मार्थ दवाखाना काढला होता, पण मुंबईचा एकही डॉक्टर रानात टिकत नव्हता. ह्या टिकल्या. नाव हेडविग रोझेनताल. गावाने ते एकदा उच्चारून पाहिलं आणि “बाई” म्हणायचं ठरवलं. उंच, केस मानेवर कापलेले, पायात पुरुषी बूट, आणि सायकलवर बसून पाड्यांत जायच्या. त्या ज्यू, म्हणून तिकडच्या नव्या सरकारने त्यांची डॉक्टरकी बंद केली होती. एवढ्या शिकल्या बाईला घरी बसवणारं सरकार कसलं, हे आमच्या लोकांना काही केल्या कळेना.

राही दवाखान्यात झाडलोट आणि पाणी भरायच्या कामाला लागली. पहिल्या दिवशी दुपारी बाईंनी डबा उघडला, पावाला लोणी लावलं आणि विचारलं, “राही, खाणार?”

राही पहाटेची निघालेली, पोटात कावळे ओरडत होते. ती पदर सावरून म्हणाली, “नको.”

बाईंनी डबा बंद केला.

राही दाराशी उभी राहिली. आता दुसऱ्यांदा विचारतील. बाईंनी पुस्तक उघडलं. दुसऱ्या दिवशी केळं, तिसऱ्या दिवशी चहा; प्रत्येक वेळी एकदा प्रश्न, एकदा नको, आणि डबा बंद. महिनाभर हेच चाललं. राही घरी जाऊन सांगायची, बाई हाताची गुणी पण भारी चिक्कू. इकडे बाई माझ्या वडिलांना विचारत होत्या, “माझ्या हातचं खाल्लं तर हिला विटाळ होतो का?” वडिलांनी दोघींनाही काही सांगितलं नाही. ते म्हणायचे, मला मजा पाहायची होती. मी म्हणते, त्यांनाही कळलं नव्हतं.

उलट्या बाजूनेही एकदा गंमत झाली. सकुबाई गुडघ्याला तेल न्यायला आली होती. निघताना रीतीप्रमाणे म्हणाली, “या की बाई एकदा आमच्याकडं जेवाया.” म्हणजे म्हणायचं असतं. पण बाई खुर्चीतून उठल्याच. डोळे मोठे, चेहरा फुललेला, दोन्ही हात छातीशी. “हो! आनंदाने! किती छान! कधी येऊ?”

सकुबाईला दिवस सांगावा लागला आणि घरची एकुलती एक अंडी देणारी कोंबडी कापावी लागली. बाई आल्या, वाढलं ते सगळं चाटूनपुसून खाल्लं, आणखी घेता का म्हटल्यावर पुन्हा लगेच हो. सकुबाई पुढचे सहा महिने पाड्यावर सांगत होती, “गो, बाईमानूस नि इतकं आधाशी!” पण सांगताना हसत होती. तिच्या हातच्या जेवणाला असा खणखणीत होकार आजवर कुणी दिला नव्हता.

दुपारी रोगी पांगले की माझे वडील बाईंना मराठी वाचायला शिकवायचे. शेजारी राहीही पाटी घेऊन बसायची. दोघींत एकच अंकलिपी. राहीचं अक्षर चांगलं यायचं, बाईंचं कोंबडीच्या पायांसारखं. एकदा ‘बहीण’ शब्द आला तेव्हा बाईंनी टेबलावरची तसबीर दाखवली. त्यांच्याच तोंडावळ्याची, थोडी वयस्क बाई. “ही हाना. माझी मोठी बहीण. मी म्हणाले, माझ्याबरोबर चल. ती म्हणाली, नको.” एवढं सांगून त्यांनी पान उलटलं. राहीच्या मनात कमळ आली. तिने पाटीवर ‘बहीण’ पुन्हा गिरवलं.

अडतीसच्या होळीनंतर मुंबईच्या एका बाळंतपणाच्या इस्पितळाचं पत्र आलं. खेड्यातल्या, थोडं वाचता येणाऱ्या बायकांना दीड वर्षात दाईचं शिक्षण देणार होते. राहणंखाणं त्यांचंच. खर्डीच्या दवाखान्यासाठी एक जागा होती.

बाईंनी राहीला बोलावलं, पत्र वाचून दाखवलं आणि विचारलं, “राही, तू जाशील का?”

राही मला सांगायची, “पोरी, काळीज असं उडालं की वाटलं, बाईला ऐकाया जातंय.” आणि तोंडाने ती काय म्हणाली? “नको बाई. मला कुठं जमतंय.”

बाईंनी मान डोलावली आणि पत्राची घडी केली.

राहीने चार दिवस वाट पाहिली. दुसरी विचारणा आली की आढेवेढे घ्यायचे, तिसरीला मान वाकडी करून हो म्हणायचं, सगळं मनात ठरलेलं. विठूला कसं सांगायचं तेही ठरलेलं. पाचव्या दिवशी सकाळी मुरबाडकडची सुंदरा नावाची एक विधवा बोचकं काखेत मारून दवाखान्यात आली. बाईंनी ते पत्र तिच्या हातात दिलं. तिला विचारलं होतं, ती हो म्हणाली होती. इतकं साधं.

राहीच्या हातात पाण्याची बादली होती. ती तिने ओसरीवर आपटली. पाणी थेट बाईंच्या बुटांपर्यंत गेलं. जन्मात कुणापुढे आवाज न चढवलेली राही ओरडली, “दुसऱ्यांदा इचारलं का नाय तुमी?”

“तू नको म्हणालीस,” बाई म्हणाल्या.

“नको म्हंजे नको असतं व्हय? कोन पहिल्या टायमाला हो म्हनतं? माझी भन गाडीत मेली, बाई. तिचं डोकं माझ्या मांडीवर व्हतं. मला शिकायचंय. दोन वर्सं मी ह्याच्यासाठीच हितं पानी भरतेय, नि तुमी एकदा इचारून गप बसलात!”

बाई भिजल्या बुटांनी खाली बसल्या. त्यांनी बोटांवर मोजायला सुरुवात केली. “पाव? केळं? चहा? ती संत्री?” प्रत्येक वेळी राही रडत रडत मान डोलावत होती. हे सगळं तिला हवं होतं. बाई आधी हसायला लागल्या. मग हसता हसता त्यांची नजर दारातून आतल्या टेबलावरच्या तसबिरीवर गेली आणि त्या एकदम थांबल्या. उठून आत गेल्या, दार लावून घेतलं. तासाभराने बाहेर आल्या तेव्हा हातात बंद केलेलं पाकीट होतं. वडिलांना म्हणाल्या, आजच्या टपालात गेलं पाहिजे.

सुंदराची जागा काही परत घेता येत नव्हती, आणि राहीलाही ते नको होतं. बाई म्हणाल्या, पुन्हा जागा निघेल, मी लिहीत राहीन. पण तोवर तू हो म्हणायला शीक. इस्पितळात मोठ्या नर्सबाई एकदाच विचारतील, सुई हातात धरतेस का म्हणून. तू नको म्हणालीस तर सुई दुसरीच्या हातात जाईल.

मराठीतलं ‘हो’ राहीच्या तोंडून पहिल्या खेपेला निघेचना. लहानपणापासूनची सवय, जीभ टाळ्यालाच चिकटायची. तेव्हा बाईंनी तिला आपल्या भाषेतला होकार शिकवला. “या, गेर्न!” म्हणजे हो, आवडीने. आणि फार हवं असेल तर “या, झेअर गेर्न!” म्हणजे हो हो, फारच आवडीने. ते नुसतं म्हणून चालत नसे. मान वर, डोळे देणाऱ्याच्या डोळ्यांत, चेहरा हसरा. बाई म्हणायच्या, देणाऱ्याला कळलं पाहिजे की त्याचं देणं तुला आवडलं. नाहीतर तो बिचारा हात पुढे करून उभा राहतो.

रोज दुपारी तालीम. चहा घेणार? राही खाली बघून पुटपुटायची, “गेर्न.” बाई कप मागे घ्यायच्या. “मला ऐकू आलं नाही. माझ्या चहाला एवढी लाज का?” एकदा राहीला वाटलं, आपण आपलं आभार मानून मोकळं व्हावं, तिने शिकलेलं “दांके” एवढंच म्हटलं, तर कप गेलाच. त्यांच्यात कुणी काही देऊ केल्यावर नुसते आभार मानले तर त्याचा अर्थ नको असाच होतो, हे तिला चहा गेल्यावर समजलं. हळूहळू आवाज फुटला. घरी ती म्हशीपुढे उभी राहून सराव करायची. सकुबाईने विठूला विचारलं, “हिला बाहेरचं काय लागलंय का रे?” विठू म्हणाला, “दवाखान्यात जाते ना, लागलं तर बाई काढंल.”

बाईंची बहीण हाना एकोणचाळीसच्या जुलैत भर पावसात खर्डी स्टेशनवर उतरली. एक पेटी, एक छत्री. मराठीचा एक शब्द येत नव्हता. ओसरीवर बसून रोग्यांच्या पोरांसाठी लोकरीच्या टोप्या विणायची, आमच्या उकाड्यात. गाव तिला थोरल्या बाई म्हणू लागलं. ती कशी काय आली, हे राहीने विचारलं नाही.

सप्टेंबरात लढाई लागली. आठवडाभरात शहापूरचे फौजदार दोन शिपाई घेऊन दवाखान्यात आले. जर्मन माणसं रेल्वेच्या आसपास ठेवायची नाहीत असा वरून हुकूम होता. दुपारच्या गाडीने दोघी बहिणींनी मुंबईला जाऊन हजर व्हायचं. जर्मन सरकारने ज्यू म्हणून हाकललं आणि इंग्रज सरकारने जर्मन म्हणून धरलं. ह्या सरकारांच्या अकलेबद्दल मी काही बोलत नाही, बोलले तर हे लिखाण लांबेल.

बातमी फुटली आणि ओसरी माणसांनी भरली. सकुबाई तिथेच होती. विठूही होता; त्याच्या बोटावर पहार पडली होती आणि बाई निघायच्या गडबडीतसुद्धा त्याची पट्टी बांधत होत्या. तेवढ्यात टपाल आलं. बाईंनी पाकीट उभ्या उभ्या फोडलं, वाचलं आणि गर्दीत राहीला शोधलं.

“राही, जागा आहे. आठ दिवसांत हजर व्हायचं. जाशील?”

फौजदारांनी घड्याळ पाहिलं. “बाई, चला. गाडीची वेळ झाली.”

दुसऱ्यांदा विचारायला आता कुणी उरणार नव्हतं. राहीने सासूकडे पाहिलं. पाड्यावरची चार जाणती माणसं उभी होती, त्यांच्याकडे पाहिलं. एवढ्या लोकांसमोर सुनेने घर सोडून जायला पहिल्याच खेपेला हो म्हणायचं! तोंड उघडलं तर ‘नको’ अगदी दाराशी येऊन बसलेलं. मग तिला मांडीवर कमळच्या डोक्याचा भार जाणवला. तिने मान वर केली, बाईंच्या डोळ्यांत पाहिलं आणि केवढ्याने तरी म्हणाली,

“या! झेअर गेर्न!”

एक शिपाई दचकून दोन पावलं मागे सरला. फौजदार वळले. “काय बोलली ही? जर्मन बोलली?”

माझे वडील पुढे झाले. त्यांच्या साऱ्या शहाणपणात मला हा एक क्षण खरोखर आवडतो. “काही नाही साहेब,” ते म्हणाले, “चहाला हो म्हणाली.”

बाई हसत होत्या आणि गालांवरून पाणी वाहत होतं. त्यांनी पत्र राहीच्या हातात कोंबलं. हानाबाईंनी तिचे दोन्ही हात धरले. मग दोघी स्टेशनकडे निघाल्या, आणि अर्धं गाव त्यांची पेटी उचलायला मागे धावलं.

ओसरीवर सकुबाई सुनेपुढे येऊन उभी राहिली. “काय गो म्हनलीस तू तिला?”

“मुंबईला शिकाया जाते म्हनले, आत्याबाई.”

“कोनाला इचारून? नि एकदा तरी नको म्हनायचं व्हतंस, मानसं काय म्हनतील!”

“मागल्या साली म्हनले व्हते,” राही म्हणाली. “तेवढं पुरं झालं.”

सकुबाई तोंड उघडणार तोच विठू बोलला. पट्टीचं बोट वर धरून, रुळाकडे बघत. “रेल्वेत हाय मी. घरच्या मानसाला पास मिळतो. जाऊंदे आये तिला. कमळ माझी बी मेव्हनी झाली असती.” विठूचं एवढं लांब भाषण पाड्याने त्याआधी ऐकलं नव्हतं आणि त्यानंतरही ऐकलं नाही.

राही दीड वर्ष शिकली. इस्पितळात पहिल्याच आठवड्यात मोठ्या नर्सबाईंनी विचारलं, हे मूल धरतेस का? तिच्या तोंडून आधी जर्मनच निघालं, मग मराठी. एक्केचाळीसमध्ये ती पांढऱ्या लुगड्यात, हातात चामडी पेटी घेऊन खर्डीला उतरली. तेव्हापासून आमच्या पाड्यांतल्या बाळंतिणी तिच्या झाल्या. पावसाळ्यात ओढा आडवा आला तर पेटी डोक्यावर घेऊन जायची.

तिची एक पद्धत होती. स्वतः कधी दुसऱ्या विचारणेची वाट पाहिली नाही, पण दुसऱ्याला मात्र ती नेमाने तीनदा विचारायची. माझ्या वेळी आई तिला तपासूच देईना. राहीबाई दारात आली तर आई म्हणाली, “नको गो, अजून टाइम हाय.” पुन्हा विचारलं, नको. एखादी निघून गेली असती. राहीबाईने तिसऱ्यांदा विचारलं आणि आई रडायला लागली. सकाळपासून काहीतरी चुकतंय असं तिला वाटत होतं, पण त्रास कशाला द्यायचा म्हणून ती गप्प होती. मी पायाकडून येत होते. तिने दोनदाच विचारलं असतं तर मी आज तुम्हाला हे सांगायला नसते.

बाईंना आणि हानाबाईंना काही महिन्यांनी चौकशी होऊन सोडलं होतं, पण खर्डीला येऊ दिलं नाही. त्या मुंबईतच काम करीत राहिल्या. लढाई संपल्यावर, सेहेचाळीसच्या थंडीत, दोघी राहीबाईच्या घरी जेवायला आल्या. मी तीन वर्षांची, वडिलांच्या मांडीवर होते म्हणे. त्यांच्या गावात मागे राहिलेल्या आप्तांपैकी कुणी उरलं नव्हतं. ते बाईंनी एका वाक्यात सांगितलं आणि पुढे बोलू दिलं नाही.

थोड्या वेळाने बाईंनी पिशवीतून तीन पत्रं काढली. हानाला लिहिलेली, हानाने सगळ्या प्रवासात जपून आणलेली. “मी निघताना हिला एकदाच विचारलं होतं,” त्या राहीबाईला म्हणाल्या. “ही म्हणाली, नको, तुला ओझं होईल. मला वाटलं, हिला यायचं नाही. आमच्यात एकदाच विचारतात. मग तू माझ्या बुटांवर बादली ओतलीस. त्या दिवशी मी हे पहिलं पत्र लिहिलं. उत्तर आलं, नको. दुसरं लिहिलं, नको. हे तिसरं.”

राहीबाईने ती पत्रं हातात घेऊन उलटसुलट करून पाहिली. वाचता येत नव्हतं, भाषा परकी. मग पदराने डोळे पुसून ती चुलीकडे गेली आणि गरम भाकरी घेऊन आली.

“थोरल्या बाई, भाकर वाढू?”

हानाबाईंनी ताटावर हात आडवा धरला. “नको, नको.” एवढं मराठी त्यांना आता येत होतं.

“वाढू का?”

“नको.”

“वाढते ना?”

हानाबाईंनी बहिणीकडे पाहिलं आणि हसल्या. “बरं,” त्या म्हणाल्या, “अर्धी.”

राहीबाईने अख्खी वाढली.